फुंकरबाबाची कोंबडी

देवगाव रंगारीच्या बाजारतळावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध फुंकरबाबा, समोर सतरंजीवर त्यानं स्वतः आणलेली कोंबडी, पाय वर करून पडलेली.

"ह्यो रोग नाय, दृष्ट हाये," बाबा म्हणाला. "औषधानं दृष्ट उतरती व्हय?"

गर्दीनं माना हलवल्या. औषधवाला मीच, सरकारी दवाखान्यातला गुरांचा डॉक्टर. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही.

बाबानं भस्म लावलं, चोचीत फुंकर मारली, बोटानं टोचलं. कोंबडी उठून पळाली. बायांनी हात जोडले.

"आता घरी तुमीच फुंका. बाईच्या श्वासात लई जीव असतो."

गावातल्या कोंबड्या पटापट मरत होत्या. आम्ही येऊन उरलेल्या मारून पुरू, या धास्तीनं लोकांनी त्या घरातच डाल्याखाली लपवल्या होत्या. गीताबाईंच्या अकरा होत्या. त्यांना दमा, म्हणून त्यांनी सुनेला, रत्नमालाला, फुंकायला बसवलं. सहाव्या दिवशी ती तापानं फणफणली. दहाव्या दिवशी संभाजीनगरला नेऊन तिला श्वासाच्या मशीनवर ठेवलं. तपासणीत बर्ड फ्लू निघाला.

प्रयोगशाळेतल्या तनुजा मॅडमचा फोन आला. "कोंबड्यांतला आणि तिच्यातला विषाणू ताडून पाहिला. तिच्यातला थोडा बदललाय. हा स्वतःच्या नकला काढताना चुका करत राहतो. बहुतेक वाया जातात, पण एखादी त्याला माणसात वाढायला सोयीची पडते. आपण जितकी माणसं त्याच्यापुढे करू, तितकी त्याला संधी."

मला स्वतःचाच संताप आला. त्या दिवशी मी तोंड उघडायला हवं होतं. एव्हाना बाबा गावातून निघून गेला होता.

मी मास्क, हातमोजे घालून बाजारतळावर एक निरोगी कोंबडी नेली. साथीच्या गावात आणलेली कोंबडी परत नेता येणार नव्हती, तीही मारावी लागणार, हे मला माहीत होतं. तिला उताणी धरून छातीवर हलकेच दाबलं. ती निपचित पडली. "कोंबडी घाबरली की अशी पडते. मेलेली नसते," मी म्हणालो आणि टोचलं. ती उठली.

"सायबालाबी इद्या आली," म्हातारे आप्पासाहेब हात जोडून म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात गीताबाई पुढे आल्या.

"साहेब, माझ्या रत्नमालालाबी उठवा."

"काकू, ही कोंबडी मेलीच नव्हती."

"रत्नमालाबी अजून मेली नाय. म्याच तिला फुंकायला लावलं. एक फुंकर मारा तिला."

मी गर्दीकडे वळून सांगितलं, "फुंकरीनं कुणी उठत नाही. फुंकरीनं रोग मात्र जवळ येतो. मेलेल्या कोंबडीला हात लावू नका, आजारी कोंबडी लपवू नका, आम्हाला कळवा. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि कुणी मेलेलं उठवून दाखवलं, तर ते आधी मेलं होतं का, एवढं विचारा."

दोघं-चौघं हो म्हणाले. गीताबाई माझ्या तोंडाकडे बघत तशाच उभ्या होत्या.