वर्लीनचा अर्ज

"ही सही कुठं केलीस?" ड्यूईनं अर्ज खिडकीतून परत सरकवला.

"घरी. स्वयंपाकघरात."

तिच्या जोडीला काम करणारा ड्यूई गालातल्या गालात हसला. याच टपालकचेरीत, याच खिडकीत बसून वर्लीननं बावीस वर्षं पासपोर्टचे अर्ज घेतले होते आणि घरून सही करून आणलेले परतही केले होते. आधी शपथ, मग खिडकीसमोर सही, हे तिनं निम्म्या केंटकीला ऐकवलं असेल. आज स्वतःच चुकली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"नवा भर. नीट वाचून भर," ड्यूई म्हणाला. "असंच सांगतेस ना लोकांना?"

"सांगते. आण इकडं, मेल्या."

मुलगी पोर्तुगालमध्ये, बाळंतपण दोन महिन्यांवर. वर्लीन आजवर शेजारच्या टेनेसीपलीकडे गेली नव्हती. गरजच काय, असं तिच्या डोंगरातली माणसं म्हणत. आता गरज होती आणि जन्माचा दाखला नव्हता. ती घरीच जन्मली. नोंद करायला खाली गावात कुणी गेलंच नाही. घरच्या बायबलात आजोबांनी लिहिलेली तारीख आणि साक्षीला अठ्ठ्याऐंशी वर्षांची ओपल मावशी, एवढाच काय तो पुरावा.

ड्यूईनं मावशीला शपथेसाठी उजवा हात वर करायला लावला. "ही त्याच दिवशी जन्मली, कशावरून?"

"नाळ मी कापली, बाबा. सुईणीचे हात थरथरत होते. हिनं तेव्हा जे घर डोक्यावर घेतलं, ते अजून खाली ठेवलं नाही."

रांगेतले लोक हसले. वर्लीनचे मात्र डोळे भरून आले. एकसष्ट वर्षांत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पाचव्या आठवड्यात सकाळचं टपाल वेगळं करताना तिच्या हाती स्वतःच्याच नावाचं पाकीट आलं. तिनं ते बाजूला ठेवलं. लोकांचं टपाल आधी. शेवटचं पत्र लावून झाल्यावर ती गिऱ्हाइकांच्या बाजूला गेली, पाकीट फोडलं आणि मावशीला फोन लावला.

"फोटो कसा आलाय?"

"चोरासारखा."

"मग तुझाच आहे. जा आता, पोरगी वाट बघतेय."

ड्यूईनं खिडकीतून विचारलं, "रजा किती दिवस?"

"पोरगी बाळंतपणातून उठून चालायला लागेपर्यंत."

बावीस वर्षं ती कामावरून मागच्या दारानं घरी गेली होती. त्या दिवशी पुढच्या दारानं गेली, ताठ मानेनं, भर रांगेतून.