अकरा दिवसांचा पारा

हिमानीने एकोणऐंशी सालची नोंदवही उघडली आणि डिसेंबरचं पान आलं, तसा पंढरीनाथांचा हात आपोआप पानावर गेला. काका पान सरळ करताहेत असं तिला वाटलं.

लखनौच्या महानगर नावाच्या भागातल्या त्या संशोधन संस्थेच्या मागच्या हिरवळीवर झडपांची एक पांढरी लाकडी पेटी चार पायांवर उभी होती. तिच्या आतले तापमापक पंढरीनाथ सव्वीस वर्षं वाचत आले होते. साताऱ्याचा हा माणूस लखनौत आला आणि या पेटीपाशीच रमला. धुक्याच्या सकाळी पेटी दिसायचीच नाही. ओल्या गवतातून पायच तिकडे घेऊन जायचे. सगळं जग पुसल्यासारखं झालं की पंढरीनाथांना फार बरं वाटे. बिचाऱ्याला दुसरा नादच नव्हता.

हिमानी हवाई दलातल्या मराठी अधिकाऱ्याची मुलगी. तिला मराठी सगळं कळे, उत्तर मात्र हिंदीत येई. जुन्या वह्या संगणकात चढवायच्या आणि मागेल त्याला द्यायच्या, हे तिने संस्थेकडून भांडून मंजूर करून घेतलं होतं. हवा तापते आहे म्हटलं की लोक पुरावा मागणारच. आपणच कपाटाला कुलूप लावलं तर विश्वास कोण ठेवील, असं तिचं म्हणणं.

"और अंकल, आपका रिकॉर्ड सबसे साफ़ है," ती म्हणाली. "एक भी दिन खाली नहीं."

ते ऐकून पंढरीनाथांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या डिसेंबरात त्यांना मुलगा झाला होता, दिवस भरायच्या आधीच. सकाळचं किमान तापमान नीट बघून लिहायचं आणि सायकल हाणत इस्पितळ गाठायचं, असं चाललं होतं. कमाल तापमानाचा पारा एकदा चढला की तिथेच थांबतो. रोज वाचून, झटकून खाली आणावा लागतो. तेच राहून गेलं. बाराव्या दिवशी, सगळं आटोपल्यावर, ते पेटीपाशी आले तर पारा अकरा दिवसांतल्या सर्वांत जास्त आकड्यावर थांबलेला, रोजचं काहीच कळेना. मग धुक्यात उभं राहून, अंगाला लागलेली थंडी आठवत त्यांनी अकरा आकडे मनाने लिहिले. इतके बेमालूम, की पुढे पुढे त्यांचे त्यांनाही ते खरे वाटू लागले.

दुपारी त्यांनी विभागप्रमुख सुधीर मिश्रांना सांगून टाकलं. मिश्रा भला माणूस. त्यांनी चहा मागवला आणि समजूत घातली. निवृत्तीला चार महिने राहिलेत. शिवाय हे अकरा बाहेर आले, तर लोक सव्वीस वर्षांच्या आकड्यांना खोटं म्हणतील. नेमकी तीच भीती पंढरीनाथांनाही खात होती. चहा तसाच ठेवून ते उठले.

"पोरी, हे अकरा माझे आहेत," त्यांनी हिमानीला सांगितलं. "पाऱ्याचे नाहीत."

तिने वहीची पुढची-मागची पानं उलटली. "और बाकी?"

"बाकी सगळे पाऱ्याचे."

तिने पेन पुढे केलं. खालचा आकडा दिसत राहील अशी प्रत्येकावर एकच रेघ मारून पंढरीनाथांनी शेऱ्यात कारण लिहिलं आणि सही केली. अक्षर बरं आलं.

महिन्याभराने छापील तक्ता आला. त्याची एक प्रत ते अलीगंजला घरी घेऊन गेले. कमाल तापमानाच्या रकान्यात अकरा जागा कोऱ्या होत्या आणि खाली तळटिपेत त्यांचं नाव. पत्नीला, पद्मिनीबाईंना, वाईट वाटेल अशी त्यांना धास्ती होती. बाईंनी चष्मा लावला आणि कोऱ्या जागांवरून बोट शेजारच्या रकान्यात नेलं.

"हे सकाळचे खरेच ना?"

"खरे. मी बघून लिहिलेत."

"तो गेला त्या सकाळी किती होतं?"

पंढरीनाथांनी आकडा दाखवला. चार पूर्णांक दोन.

पद्मिनीबाईंनी तो दोनदा वाचला.

"त्याला गुंडाळून न्यायला एकच दुपटं दिलं होतं मी तुमच्याबरोबर," त्या म्हणाल्या.