वरून दिसणारा बांध

हरी मास्तरांनी माहितीपट काढला तो थेट पृथ्वीवर, अंतराळातून दिसणाऱ्या. लहान विषयाला हात घालायचा नाही हा त्यांचा बाणा. स्वतः कधी विमानात बसले नव्हते, ही गोष्ट वेगळी. उपग्रहांची फुकट मिळणारी चित्रं जोडून त्यांनी वर आपला आवाज चढवला होता, आणि तो ऐकताना त्यांना स्वतःलाच गहिवरून यायचं.

खरं कारण पृथ्वी नव्हतंच, मनोज होता. चुलतभाऊ. कळंबला दोघांच्या शेतांमध्ये एकच बांध, आणि दर वर्षी लावणीआधी दोघंही तो आपापल्या बाजूनं कोरायचे. त्यावरून तीन वर्षं बोलणं बंद होतं. मास्तरांना भाऊ परत हवा होता. घरी जाऊन ‘चुकलं’ म्हणायचं जिवावर येत होतं, म्हणून हा द्राविडी प्राणायाम.

भर दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना ताडपत्र्या बांधून खेळ लागला. मनोज आला, मागं बसला. निळी पृथ्वी फिरू लागली आणि मास्तरांचा आवाज घुमला, “इथून सीमा दिसत नाहीत, कुंपणं दिसत नाहीत. माणसा, भांडतोस कशासाठी?” मनोजनं टॉवेलनं डोळे पुसले. मास्तरांनी ते अंधारातही बरोबर टिपलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

शेवटी कळंबचं चित्र आलं. जो तो आपलं घर शोधू लागला. मास्तरांना शेत सापडलं, मधली हिरवी रेघ सापडली, आणि ती रेघ चांगली पोट काढून त्यांच्याच बाजूला आली होती. मास्तर उठले. चित्र थांबवलं, पडद्यापाशी गेले आणि वितीनं मोजायला लागले. आधी मनोजची बाजू, मग आपली. पृथ्वी गेली चुलीत.

“मास्तर, बाजूला व्हा, आमचं घर झाकलं,” जनीकाकू म्हणाली.

वळले तर मनोज शेजारी उभा.

“दादा, मी सांगाय आलो व्हतो,” तो हळूच म्हणाला. “बांध तुझाच ऱ्हाऊ दे. मला नाय भांडायचं.”

आपण गाढव आहोत हे मास्तरांना तिथंच कळलं. फार वाईट वाटलं. आता एक शब्द बोलायचा होता, तोही पाठ केलेला. त्यांनी तोंड उघडलं.

“तुझ्याकडं दीड बोट जास्त भरतंय रं,” ते म्हणाले.

मनोजनं दारातल्या चपला घातल्या आणि तो निघून गेला.