काजळीचे अंगठे

मित्रांनो, मी एक जुने पितळी पातेले आहे. पोटाला तीन पोचे आहेत, पण आवाज अजून खणखणीत आहे. ऐन भरात मी एवढे मोठे होते की मला घासायला मावशी आत उतरायची. एकदा ती आत असतानाच कुणीतरी वरून झाकण ठेवले. मावशी म्हणजे आमच्या बिस्किटांच्या कारखान्यातल्या भोजनगृहाची आचारीण. झाकणाची ही गोष्ट तिला मान्य नाही, पण मी तिथेच होते.

रोज दुपारी मी एकशे चाळीस कामगारांची पोटे भरत असे. मग साथ आली. बिस्किटांची मागणी दुप्पट झाली, यंत्रे थांबेनात. साहेबांनी मात्र भोजनगृहाला कुलूप लावले आणि मावशीला घरी बसवले. बाहेर दुकाने बंद. पुडे भरणारी ताई घरातली भाकरी दोन्ही लेकरांना देऊन उपाशीच कामावर यायची. एक दिवस ती चक्कर येऊन बिस्किटांच्याच ढिगावर कोसळली.

कामगारांनी समिती करायचे ठरवले. साहेबांनी लगेच फाटकावर पाटी लावली: ‘घोळका करू नये. दोघांत सहा फुटांचे अंतर ठेवावे. नियम मोडणाऱ्यास कामावरून काढले जाईल.’

बातमी ऐकून फाटकाशी आलेल्या मावशीने पाटी दोनदा वाचली. “घोळका नको ना? मग रांग लावू.”

कुलूपबंद भोजनगृहाच्या मागे मी पालथे पडून होते; चौघांनी मला उचलून फाटकाबाहेर तीन दगडांवर चढवले. कुणी मूठभर तांदूळ आणले, कुणी डाळ, कुणी एकच बटाटा. ताईने खडूने सहा-सहा फुटांवर गोल काढले. रांग माझ्यापासून निघाली ती फाटकातून, गोदामाला वळसा घालून थेट यंत्रांपर्यंत पोचली. शेवटच्या माणसाचे म्हणणे तोंडोतोंडी पुढे येई, उत्तर तसेच मागे जाई. अशी सभा मी जन्मात पाहिली नव्हती.

मालाचा ट्रक फाटकात अडकला. साहेब धावत आले.

“अहो, जरा जवळ जवळ सरका.”

“कसं सरकणार साहेब? पाटी तुमचीच ना?” मावशी म्हणाली.

“किती वेळ लागेल?”

“एकशे चाळीस माणसं आहेत. त्यात डाळ गरम, फुंकून खातील.”

ताईने अर्ज पुढे केला. दुपारचे जेवण सुरू करा, मावशीला परत घ्या, आमची समिती माना.

“यावर सह्या कुठायत?”

“एकच पेन सगळ्यांनी हाताळायचं नाही, असा नियम आहे ना,” ताई म्हणाली. तिने माझ्या अंगावरची काजळी अंगठ्याला लावली आणि कागदावर उमटवली. मागचा पुढे आला, मग त्याच्या मागचा. साठावा अंगठा उमटला तेव्हा ट्रकचा ड्रायव्हरही खाली उतरला आणि रांगेत जाऊन उभा राहिला. “मलाही वाढा मावशी. सकाळपासून काही नाही पोटात.”

साहेबांनी खिशातले पेन काढले आणि अर्जाखाली ‘मंजूर’ लिहिले. सोमवारी भोजनगृह उघडले. समितीच्या खोलीत तो कागद आजही टांगलेला आहे. त्यावरची शाई माझी आहे, हे मी पाहुण्यांना सांगितल्याशिवाय राहत नाही.

आता स्टीलची चकचकीत भांडी आली आहेत. माझ्यात रिकामी पोती ठेवतात. मित्रांनो, मला जपायचे असेल तर कोपऱ्यात ठेवू नका. कल्हई करा, चुलीवर चढवा. आणि कुणी रिकामे ताट घेऊन एकटेच उभे दिसले, तर सहा फूट मोजून त्याच्या मागे जाऊन उभे राहा.