लळ्याची तपासणी

आयाबाई लूर्डसने पिंकीच्या हातातली चिंध्यांची बाहुली काढून तपासणीच्या मॅडमना दिली आणि ती खुर्चीवर जाऊन बसली. पाच पावलांवर, दुसऱ्या खुर्चीत, स्वयंपाकाची यमुना. मधल्या फरशीवर चार वर्षांची पिंकी एकटी.

"रडू द्या," नताशा मॅडम टॅब्लेट उघडत म्हणाल्या. "कुणीही बोलवायचं नाही."

वर्षातून दोनदा हे व्हायचं. पन्नास वर्षांपूर्वीच्या कायद्याने तीन महिन्यांचं झालेलं प्रत्येक मूल सरकारी संगोपन केंद्रात जाई, आणि तिथे कुठल्याही मुलाला एका आयाबाईचा लळा लागता कामा नये. लागलाच, तर तिची बदली त्याच संध्याकाळी. रडणारं मूल कुणाकडे धावतं एवढ्यावर निकाल. लूर्डसच्या अशा तीन बदल्या झाल्या होत्या. त्या तीन मुलांची नावं ती आता मनातही घेत नसे. चौथ्यांदा सामान बांधायचं त्राण तिच्यात नव्हतं, आणि पिंकीवाचून राहायचं तर त्याहून नव्हतं.

म्हणून महिनाभर तिने पिंकीला पढवलं होतं. मॅडम आल्या की माझ्याकडे यायचं नाही, रडू आलं तर भिंतीकडे जायचं. आधी पिंकीला तो खेळ वाटला. मग वाटेनासा झाला, तरी ती शिकली.

पिंकी रडली. तिने लूर्डसकडे बघितलं, ओठ मुडपले आणि चालत भिंतीकडे गेली. खरं तर लूर्डसला हायसं वाटायला हवं होतं. तिला नुसतं वाईट वाटलं.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तशी केळीच्या वाडीपलीकडे गिरीजच्या चर्चची बाराची घंटा वाजली.

पिंकी वळली, थेट लूर्डससमोर येऊन उभी राहिली आणि डोळे मिटून तिने कपाळ पुढे केलं. रोज बाराच्या घंटेला लूर्डस तिच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढी, लूर्डसची आई लहानपणी लूर्डसच्या कपाळावर काढायची तसा. हे करू नकोस, असं सांगायचं राहूनच गेलं होतं. आपण हे शिकवलंय, हेही लूर्डसच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

यमुना खाली बघत राहिली. सबब शोधत लूर्डसने मॅडमकडे पाहिलं.

नताशा मॅडमचेही डोळे मिटलेले होते. मान किंचित पुढे झुकली होती. घंटा थांबल्यावर त्या दचकल्या.

"तुम्ही कधी कामणच्या केंद्रात होता?"

"नाही, मॅडम."

"मी तिथं वाढले. बाराला जेवणाची घंटा व्हायची." त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "अजून कुठं घंटा झाली की मान अशी होते. मला वाटलं मानेचं दुखणं आहे. डॉक्टरला दाखवलं, फोटो काढले. काही निघालं नाही."

पिंकी तशीच उभी होती.

"ती थांबलीय," मॅडम म्हणाल्या.

लूर्डसने अंगठा टेकवला. उभी रेघ, मग आडवी. मॅडमनी ते शेवटपर्यंत पाहिलं, मग टॅब्लेटवर नोंद केली आणि ती लूर्डससमोर धरली. लळा आढळला नाही.

दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या.

"कामणला माझ्याही कपाळावर कुणी असं काढत असेल, तर त्या बाईंची बदली झाली असेल ना?"

"झाली असेल, मॅडम."

मॅडम बाहेर पडल्या. बाहुली अजून त्यांच्याच हातात होती.