मालाचा घरभेदी

ख्रिस्ती झालेला बिभीषण भगवानरावांच्या विहिरीवर खोटं बोलला आणि त्याचा चालता धंदा बसला. पण ते व्हायला अवकाश आहे. आष्टीच्या बाजाराची सकाळ आहे आणि बिभीषण अजून खरंच बोलतोय.

"ह्यो दोर नासका हाय," तो ओरडत होता. "वाख पान्यात कुजला. कडबा बांधा, मानूस बांधू नका."

निजामाच्या मुलखात घायपाताच्या वाखाचे दोर विकणारे पुष्कळ होते; स्वतःच्या दोराची अशी जाहीर बदनामी करणारा हा एकटा. नगरच्या पाद्र्यांनी बाप्तिस्मा देताना सांगितलं होतं, मापात लबाडी नको, मुखात नको. बिभीषणाने ते इतकं मनावर घेतलं की चांगल्या दोराची तारीफ करायलाही तो कचरायचा. न जाणो, एखादा शब्द जास्त जायचा. बाजार त्याला 'मालाचा घरभेदी' म्हणे. नावच तसं होतं, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यातही ते निघालं नव्हतं.

गंमत अशी, की माल खपत होता. मालाची खोड काढणं हे गिऱ्हाइकाचं काम. ते दुकानदारानेच उरकून टाकल्यावर गिऱ्हाइकाला तारीफ करण्यावाचून गत्यंतर नसे.

जमीनदार भगवानरावांचं तेच झालं. विहिरीतला गाळ काढायला त्यांना माणूस खाली सोडायचा होता. नासका दोर उचलून ते म्हणाले, "कावून एवढी निंदा करतो बे? झ्याक तर हाय. कुनासाठी दाबून ठिवलास?"

"कुनासाठी न्हाई, मालक. तुटंल त्यो. हा दुसरा न्या, निम्म्यात देतो."

निम्म्यात म्हटल्यावर भगवानरावांची खात्रीच पटली. नासका दोर गाडीत पडला, पैसे मातीत पडले आणि बैल चालू लागले.

"तुमी सांगितलं व्हतं," बायको साखराबाई म्हणाली. "आता आपल्याला काय त्याचं?"

"त्या हिरीत त्यांचा गडी आसाराम उतरनार हाय," बिभीषण म्हणाला आणि गाडीमागे पळत सुटला.

तो पोचला तेव्हा गडी आसाराम कमरेला दोर बांधून काठावर उभा होता. दुसरं टोक चौघांनी धरलेलं. विहीर खोल, पाणी आटलेलं, तळाला गाळातून वर आलेला काळा खडक.

"मालक, पाया पडतो. उतरवू नका त्याला."

"बघा," भगवानराव गड्यांना म्हणाले. "सौदा मोडायला इथवर आला. कुनीतरी जादा भाव दिलेला दिसतोय."

"बिभीषणबा," आसाराम हसून म्हणाला, "तू कव्हा कोन्त्या दोराला चांगलं म्हनलायस? तुझं ऐकलं तर आमाला केसावर लटकावं लागंल."

त्याने एक पाय काठाखाली सोडला.

बिभीषणाने डोळे मिटले. ओठ हलले, आवाज आला नाही. डोळे उघडून तो हसला. बाजारातले बाकीचे दुकानदार हसतात तसा, सगळे दात दाखवून.

"खरं सांगू का, मालक? लई झकास दोर हाय. हत्ती सोडा. निजामाच्या अख्ख्या मुलखात असा दोर न्हाई. इमानानं सांगतो."

आसारामने पाय वर घेतला.

"थांबा रे," भगवानराव पडलेल्या आवाजात म्हणाले. "ह्यो कव्हा न्हाई ते चांगला म्हनतोय. आधी धोंडा सोडा."

आसारामच्या कमरेचा दोर सुटला आणि धोंड्याला लागला. धोंडा अर्ध्यावर गेला आणि चौघे गडी एकदम मागे पडले. खालून आवाज यायला जरा वेळ लागला. आसाराम कमर चाचपत तिथंच खाली बसला.

"हत्ती सोडा म्हनला," भगवानराव म्हणाले. "समद्यांनी ऐकलं न्हवं? ख्रिस्ती बी लबाडच निघाला."

पुढच्या बाजारी बिभीषणाने तोंड उघडलं, की कुणीतरी म्हणे, "हत्ती सोड बे," आणि घोळका हसत पुढच्या दुकानावर जाई. चांगल्या दोरांवर धूळ बसली.

रविवारी प्रभुभोजनाची भाकर घ्यायला तो जागचा उठला नाही.

"माणूस वाचवलास," पाद्री म्हणाले. "देव समजून घेईल."

"देव घेईल, साहेब. गिऱ्हाइकाचं काय?"

अखेर तो तहसील कचेरीबाहेरच्या अर्जनवीसापुढे जाऊन बसला. अर्जनवीसाने दोनदा ऐकून घेतलं, मग लिहिलं:

'सबब हुजुरांस अर्ज की, अर्जदार विहिरीवर एकवार खोटं बोलला, ते त्यास कबूल आहे. त्याबद्दल वाजवी ती सजा व्हावी. परंतु त्या खोट्यापूर्वी भर बाजारात बोललेलं त्याचं सगळं खरं त्यास परत देवविण्याचा हुकूम व्हावा.'