पेशींना धक्का नको

माझ्या डोहाळजेवणाला झोपाळा फुलांनी सजवून तयार होता, पण सासूबाईंनी मला खाली पाटावर बसवलं. आदल्याच आठवड्यात त्या नाशिक रोडला एका गर्भसंस्कारवाल्या गुरुजींचं व्याख्यान ऐकून आल्या होत्या. २००३ साली अशा गुरुजींना फार मागणी होती. बाळाच्या मेंदूतल्या पेशी आत खोलवर जन्मतात आणि सरकत सरकत आपापल्या जागी जातात, एवढं गुरुजींनी कुठेतरी बरोबर वाचलं होतं. पुढचं पदरचं होतं: आईला झोका बसला की गणिताची पेशी घसरते, आणि इंजिनिअर व्हायचा तो मुलगा कवितेच्या नादी लागतो.

"आई, मी कॉलेजात हेच शिकवते," मी म्हटलं. "पेशी म्हणजे काय डब्यातले शेंगदाणे आहेत, हलवले की इकडचे तिकडे जायला? त्या दाटीतून अंग आकसून, तंतूंना धरून, स्वतःच्या जोरावर पुढे सरकतात. झोपाळ्याचा काही संबंध नाही."

"तू बेडकांचं शिकवतेस," सासूबाई म्हणाल्या. जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या. रिकाम्या झोपाळ्याची ओटी भरायची तेवढी बाकी ठेवली.

फोटो निघाले, बायका गेल्या. तेवढ्यात खालच्या नळाला पाणी आलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. सासूबाईंनी माझ्या हातात हंडा दिला.

"आणि पेशी?" मी विचारलं.

"घरकामाचा धक्का त्यांना लागत नाही," त्या म्हणाल्या. "गुरुजींना मी मुद्दाम विचारून घेतलंय."